पालथा खिळा

"हे काय आहे?"

मोठ्या बाईंनी वार्षिक अहवालाची प्रत जुळणीच्या तिरप्या मेजावर ठेवली आणि तेविसाव्या ओळीवर बोट टेकवले. बालगृहाच्या त्या अधीक्षिका. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती आणि तशी वेळही त्यांच्यावर क्वचितच येत असे. खिळेमामांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ओळीत अनुक्रमांक होता, अंदाजे वय होते, दाखल झाल्याची तारीख होती. नावाच्या जागी मात्र एकाला एक लागून तीन काळे ठोकळे उमटले होते.

"अरे देवा," ते पुटपुटले.

"तीनशे प्रती आहेत, मामा. विश्वस्तांकडे पोचल्या, देणगीदारांकडे पोचल्या. सगळे मला विचारतायत, हे काय?"

छपाईयंत्रापाशी उभ्या असलेल्या पहिलवानाने मान लांबवून पाहिले. फुंकर घातली तर उडेल अशा अंगकाठीमुळे त्याला हे नाव पडले होते. "मला वाटलं, नक्षी आहे," तो म्हणाला.

"पोरक्या मुलीच्या नावावर नक्षी?"

"मी छापतो, बाई. वाचायला लागलो तर छापणार कधी?"

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. पहिलवान शाईच्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

त्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम मामा अडतीस वर्षे करीत होते. खिळा म्हणजे शिशाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याच्या एका टोकाला अक्षर उलटे उमटवलेले असते, दुसरे टोक सपाट असते. प्रत्येक अक्षराला लाकडी पेटीत आपापले घर असते आणि काम संपले की त्याने त्या घरी परत जायचे असते. मामांचा हात त्या घरांतून न पाहता फिरे. अक्षर या शब्दाचा अर्थ जे झिजत नाही ते, असे शास्त्र सांगते. मामांना अक्षरे झिजतात हे पक्के ठाऊक होते. झिजलेली अक्षरे निवडून वितळवायला पाठवण्याचे कामही त्यांचेच होते. तरीही ते खिळा हाती घेत तेव्हा चिमटीत काही सजीव धरावे तसा घेत. गल्लीतल्या सगळ्या मुलांचे ते मामा, म्हणून मोठ्यांचेही मामा. आणि त्यांच्या पत्नी ओघानेच मामी.

"हा पालथा खिळा आहे, बाई," ते म्हणाले. "एखादं अक्षर हाताशी नसलं की आम्ही त्याच मापाचा दुसरा खिळा पालथा घालून ठेवतो, डोकं खाली, पाय वर. जागा धरून ठेवायची म्हणून. कच्च्या छपाईत त्याचा काळा ठसा उमटतो, तो डोळ्यांत खुपतो, म्हणजे विसरायला होत नाही. अक्षर मिळालं की हा काढायचा, ते घालायचं. तुमच्या कागदावर या ओळीपुढे लिहिलं होतं, 'नाव नंतर कळवू'. मुलीचं नाव बहुधा तीन अक्षरी असतं, म्हणून मी तीन घातले."

"आणि मग विसरलात."

"विसरलो."

मोठ्या बाई स्टुलावर बसल्या. रागाचा भर ओसरला होता. "कळवणार तरी काय? दोन वर्षं झाली तिला येऊन. बसस्थानकावर सापडली. नाव विचारलं की रोज नवीन सांगते. एकदा फुलाचं, एकदा साबणाचं. परवा बसच्या पाटीवरचं गाव सांगितलं. आणि आता हा अहवाल मुलांच्या हाती लागला. तिला ठोकळा म्हणून हाका मारतायत. ती रडली असती तर मी काही बोलले नसते. माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'हे मी आहे का?' मी काय सांगणार होते?"

मामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"दुरुस्तीची चिठ्ठी छापून देतो. नाव कळलं की लगेच."

"चिठ्ठीचं नंतर बघू. तुम्ही येऊन तिला सांगा, हे काय आहे ते. मला जमणार नाही." उठता उठता त्या थांबल्या. आवाज खाली आला. "पत्र मिळालं ना आमचं?"

"मिळालं."

"माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्या हातात नव्हतं, बाई. मला माहीत आहे."

ते पत्र त्या क्षणीही त्यांच्या छातीवरच्या खिशात होते. 'दोघांच्या वयाची बेरीज नियमातील मर्यादेपलीकडे गेल्याने तान्ह्या बाळांसाठी प्रतीक्षेत असलेल्यांच्या यादीतून आपले नाव वगळण्यात येत आहे.' अहवालाच्या शेवटच्या तपासणीच्या सकाळीच ते छापखान्याच्या पत्त्यावर आले होते. मामांनी ते वाचले, घडी घातली आणि समोरचे पान तपासायला घेतले. तीन काळे ठोकळे त्यांच्या दृष्टीसमोरून गेले असलेच पाहिजेत. पण त्या सकाळी जिकडे पाहावे तिकडे त्यांना काळेच दिसत होते.

सोळा दिवस झाले होते. मामींना त्यांनी अजून सांगितले नव्हते.

*

मामी खालच्या दुकानातल्या शिंप्यासाठी गुंड्यांची काजे करीत. शिंपी बाकी सगळे यंत्रावर शिवत असे. काजे मात्र हातची लागतात, नाहीतर गिऱ्हाईक फिरकत नाही, असे तो म्हणे. खिडकीत उजेड असेतो त्या बसत, मांडीवर कोणाचा तरी अनोळखी सदरा घेऊन.

"आज लवकर?" त्यांनी वर न पाहताच विचारले.

"हं."

"आणि तोंड का उतरलंय? मालक बोलले?"

"मालक नाही. चूक झाली माझ्या हातून. छापून गेली."

मामींनी सुई थांबवली. "तुमच्या हातून? बरं झालं. बावीस वर्षं वाट पाहतेय मी, तुमची एखादी तरी चूक सापडेल म्हणून."

मामा हसले नाहीत. त्यांनी तीन ठोकळ्यांची हकिगत सांगितली. मग खिशातून पत्र काढून मामींच्या मांडीवरच्या सदऱ्यावर ठेवले. मामी वाचताना ओठ हलवीत. ओठ हलायचे थांबले तरी बराच वेळ त्या पत्राकडेच पाहत राहिल्या.

"ही तारीख तर सोळा दिवसांपूर्वीची."

"हो."

"सोळा दिवस खिशात?"

"सदरा बदलला की त्या खिशातून या खिशात."

"म्हणजे धुवायचा सदरा तुम्ही स्वतः खुंटीवरून काढून देत होतात तो यासाठी. मला वाटलं, उतारवयात शहाणपण सुचलं." त्यांनी सुई सदऱ्यात टोचून ठेवली. "एकट्याने कशाला वाहिलंत हो एवढं?"

खाली शिंप्याचे यंत्र थोडा वेळ चालले आणि थांबले.

अकरा वर्षांपूर्वी, तिसऱ्यांदा कूस रिकामी झाली त्या दुपारी, रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत मामी एकट्या बसल्या होत्या. मागण्यासारखे काही शिल्लक नव्हते, म्हणून त्यांनी काही मागितले नाही. आणि त्या शांततेत त्यांना शब्द मिळाला. आवाज नव्हता, स्वप्नही नव्हते. कोणी आपल्याला काही सांगून गेल्यावर जसे ते आपल्यापाशी राहते तसे ते त्यांच्यापाशी राहिले: येईल. दार उघडे ठेव. त्यांनी ही गोष्ट मामांखेरीज कोणाला सांगितली नाही, आणि मामांनाही एकदाच सांगितली. तेव्हापासून त्या रोज सायंकाळी या खिडकीपाशी हात जोडून काही वेळ बसत. एकदा मामांनी विचारले होते, "देवाला आठवण करून देतेस का?" मामी म्हणाल्या होत्या, "त्याला कशाला? मला विसर पडू नये म्हणून."

मामांची श्रद्धा निराळ्या घडणीची होती. ते मामींवर विश्वास ठेवीत, मामी देवावर ठेवीत. असे त्यांचे चालले होते. पण आज पत्र दोघांच्या मध्ये पडले होते आणि अकरा वर्षांत जे विचारले नव्हते ते त्यांच्या तोंडून निघाले.

"अगं, आपण चुकीचं ऐकलं असलं तर?"

मामी रागावल्या नाहीत.

"मीही विचारते ते स्वतःला," त्या म्हणाल्या. "भांडी घासताना विचारते. रस्त्याने कोणी बाळ घेऊन चाललं की विचारते. पण ऐकलंच नाही, असं काही मला म्हणता येत नाही. खोटं बोलल्यासारखं होईल." त्यांनी पत्राची घडी पूर्वीच्या घडीवर घातली. "यादी त्यांची आहे हो. त्यांनी काढलं नाव, त्यांना हक्क आहे. पण शब्द त्यांनी दिला नव्हता."

मग सुई पुन्हा हाती घेत म्हणाल्या, "रविवारी जाऊ त्या मुलीकडे. मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर माफी मागायच्या ऐवजी छपाई शिकवून याल."

*

मुलगी फाटक दिसेल अशा पायरीवर बसली होती. सात-आठ वर्षांची असेल. गुडघे हनुवटीशी, केस कोणीतरी घट्ट विंचरून दिलेले. मोठ्या बाईंनी ओळख करून दिली आणि त्या शहाण्या बाईप्रमाणे निघून गेल्या.

"तुम्ही मला न्यायला आलात?" मुलीने विचारले.

"नाही," मामा म्हणाले. "माफी मागायला."

"मग बसा."

दोघे पायरीवर बसले. मामांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची जुनी डबी काढली. आत कापसावर पाच-सहा खिळे होते. त्यांनी एक मुलीच्या तळहातावर ठेवला.

"जड आहे," ती म्हणाली.

"शिशाचा आहे. वर बघ, अक्षर."

"उलटं आहे."

"कागदावर सुलटं होतं. आता याला पालथा कर. अक्षर खाली, पाय वर. याच्यावर शाई लावून छापलं की काय होईल?"

तिने विचार केला. "ठोकळा."

"तो तुझ्या नावाच्या जागी मी घातला. तुझं नाव मला मिळालं नव्हतं, म्हणून जागा धरून ठेवली होती. छापायच्या आधी काढायचा होता. राहून गेला. चूक माझी."

मुलगी खिळा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. "म्हणजे अक्षर खाली तोंड करून बसलंय."

"हो."

"रुसलंय?"

मामा घोटाळले. तेव्हा मामी प्रथमच बोलल्या. "रुसलं नाही ग. वाट पाहतंय. आपल्याला वरून नुसतं काळं दिसतं. खालच्या बाजूला ते सगळंच्या सगळं आहे, काना-मात्रेसकट."

मुलीने मामींकडे पाहिले. खिळ्याकडे पाहिले होते तितक्याच बारकाईने.

"मला माझं नाव माहीत आहे," ती म्हणाली. "पण सांगणार नाही. आई म्हणाली होती, मी येईपर्यंत कोणाला नाव सांगू नकोस, इथून हलू नकोस. मी हलले नव्हते. यांनीच मला आणलं."

"आई कधी येते म्हणाली?"

"'येते' नाही म्हणाली. 'आलेच' म्हणाली."

आपल्या भाषेत निघून जाणारी व्यक्तीही 'आलेच' म्हणते. पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी परतणे घडून गेलेले असते. मोठ्यांच्या कानाला तो शब्द गुळगुळीत झालेला आहे. त्या मुलीने मात्र तो शब्द जसा हाती आला तसा, कडा न झिजवता, दोन वर्षे धरून ठेवला होता.

"इथे सगळे म्हणतात, ती येणार नाही," मुलगी म्हणाली. "तुम्हीपण म्हणा."

"मी नाही म्हणणार," मामी म्हणाल्या. "मला माहीत नाही तर कशी म्हणू?" थोडे थांबून त्या म्हणाल्या, "मीसुद्धा वाट पाहते. अकरा वर्षं झाली. मलाही सगळे म्हणतात."

"कोणाची?"

"ते मला अजून कळलेलं नाही."

मुलीला हे चमत्कारिक वाटले असावे. पण वेडेपणाचे वाटले नाही. ती थोडी सरकली आणि मामींना उन्हातून सावलीत यायला जागा झाली.

निघताना ती खिळा परत देऊ लागली. मामा म्हणाले, ठेव. ती म्हणाली, "मग त्याच्या घरी कोण जाणार?" आणि डबीत कापसावर तिने तो नीट आडवा ठेवला. मामांनी जन्मभर ज्यांना खिळे सोडायला, म्हणजे आपापल्या घरात परत टाकायला, शिकवले त्यांतल्या कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

परतीच्या वाटेवर नदीवरचा पूल ओलांडताना मामी मध्येच थांबल्या.

"अहो, त्याने 'होईल' म्हटलं नव्हतं."

"कोणी?"

"मूल होईल, असं नव्हतं म्हटलं. 'येईल' म्हटलं होतं. येईल. दार उघडं ठेव. मी अकरा वर्षं 'होईल' असं वाचत होते. आधी माझ्या पोटात शोधलं, मग तान्ह्या बाळांच्या यादीत शोधलं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "तुम्ही एवढे अक्षरं तपासणारे. तुम्हालापण दिसलं नाही?"

मामा कठड्याला हात टेकून उभे राहिले. एका अक्षराचा फरक होता.

*

आठ वर्षांच्या आसपासच्या मुलांची यादी निराळी असते, हे मोठ्या बाईंनी सांगितले. त्या यादीसाठी वयाची अट सैल असते, कारण तिथे रांग नसते. "पण तिचं मन तिकडे बसस्थानकात आहे," त्या म्हणाल्या. "दोन कुटुंबं पाहून गेली. दोन्ही वेळा तिने सांगितलं, माझी आई येणार आहे. त्यांना वाटलं, ही आपली व्हायची नाही."

"आमचीच व्हायला पाहिजे असं कुठे आहे?" मामी म्हणाल्या. "यांना विचारा. खिळा पालथा घालतात तो त्या जागेचा मालक म्हणून घालत नाहीत."

पुढचे काही महिने मामी दर रविवारी परवानगी काढून मुलीला घेऊन बसस्थानकावर जात. तिसऱ्या फलाटासमोरचा बाक; मुलीने तो स्वतः दाखवला होता. दोघी तिथे तासभर बसत. मामी काजांचे काम बरोबर नेत. मुलगी उतरणारा प्रत्येक माणूस पाही. पहिल्या रविवारी ती काही बोलली नाही. तिसऱ्या रविवारी तिने मामींना विचारले, "तुमचं आलं का कोण?" मामी म्हणाल्या, "बघतेय." सहाव्या रविवारी तिथल्या चौकशीच्या खिडकीतील माणसाने विचारले, "बाई, तुम्हाला जायचं कुठे असतं?" मामी म्हणाल्या, "कुठेच नाही. आम्ही घ्यायला येतो." त्यानंतर तो दोघींसाठी बाकावरची जागा फडक्याने पुसून ठेवू लागला.

ज्या दिवशी मुलगी पिशवी घेऊन दोन खोल्यांच्या त्या घरी राहायला आली, त्या दिवशी तिने दारातच विचारले, "मी इथे असले तरी रविवारी जायचं ना?"

"जायचं," मामी म्हणाल्या.

"आणि आई आली तर?"

मामा पिशवी आत नेता नेता थबकले. हा प्रश्न मामींनी स्वतःला किती वेळा विचारला असेल, हे त्यांनाच माहीत होते. शेजारच्या खोलीत त्यांच्या खाटेला लागून एक लहान खाट आली होती. तिच्यावर मामींनी स्वतः शिवलेली चादर होती.

"आली तर तिला आधी बसायला देऊ," मामी म्हणाल्या. "दमून आली असेल. मग मी तिला सांगेन, जागा धरून ठेवली होती बाई तुझी." त्या दारातून बाजूला सरकल्या. "तोवर मी आहे."

मुलीने चपला काढल्या आणि भिंतीकडे टाचा करून नीट लावून ठेवल्या, निघताना पटकन पायांत सरकवता याव्यात तशा. कित्येक महिने ती तशाच लावीत असे. मामींनी त्या कधी फिरवल्या नाहीत.

शाळेत घालताना नावाचा प्रश्न आला. मोठ्या बाईंनी तात्पुरते एक नाव नोंदवले. मुलीने ते परक्याच्या कपड्यासारखे वापरले. शाळा सुटली की उतरवून ठेवी. घरी तिला नावाची गरज पडत नसे. मामी 'अगं' म्हणत, मामा 'बाळ' म्हणत, पहिलवान 'मालकीणबाई' म्हणे.

छापखान्यात भिंतीवरच्या फळीवर अहवालातली ती तेविसावी ओळ दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. बाकीच्या पानांचे खिळे केव्हाच सुटे होऊन आपापल्या घरी गेले होते. धाकटे मालक एकदोनदा म्हणाले, "मामा, एका ओळीसाठी किती दिवस खिळे अडकवून ठेवणार?" मामा म्हणाले, "दुरुस्तीची चिठ्ठी बाकी आहे, मालक."

"बालगृहवाले विसरले असतील."

"असतील. कबूल मी केलंय."

*

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मुलगी छापखान्यात आली. ती तशी नेहमीच येई. मामांच्या शेजारी उंच स्टुलावर बसून पेटीतली घरे पाहत राही. त्या दिवशी ती बसली नाही.

"मामा, छापलेला कागद बसस्थानकावर लावू देतात का?"

"विचारलं तर देतील. खिडकीतला तो माणूस आपला आहे. कसला कागद?"

"माझ्या नावाचा." ती जमिनीकडे पाहत होती. "आईला वाचता येत नाही. तिला एवढं एकच वाचता येतं, माझं नाव. मी शिकवलं होतं तिला, कोळशाने लिहून. आपण ते मोठ्या अक्षरात लावलं तर तिला कळेल ना, मी कुठे आहे ते? खाली घराचा पत्ता घालायचा. पत्ता ती कोणाकडून वाचून घेईल."

मामांनी खिळे जुळवायची पट्टी खाली ठेवली.

"कळेल," ते म्हणाले. "पण तुला सांगायचं नव्हतं ना? आई येईपर्यंत?"

"मी सांगत नाहीये. मी जुळवते. तुम्ही बघू नका."

मामांनी पट्टी तिच्या डाव्या हातात दिली, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवले आणि पाठ फिरवली. मागे पेटीतून खिळे निघाल्याचे बारीक आवाज येत होते. एक. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसऱ्याला तिचा हात चुकीच्या घरात गेला असावा. तिने तो परत ठेवला आणि शोधत राहिली. पलीकडे पहिलवानाने कोणी न सांगता यंत्र थांबवले होते.

चौथा आवाज आला.

"झालं," ती म्हणाली. "आता बघा. पण मोठ्याने वाचू नका. मामींना आधी सांगायचंय."

मामा वळले. पट्टीत चार खिळे उभे होते. त्यांनी उलटी अक्षरे आयुष्यभर सुलटी वाचली होती. ही त्यांना लगेच लागली नाहीत, कारण चष्म्यामागे पाणी आले होते. साधे नाव होते. मोठ्या बाईंनी, शाळेने, त्यांनी स्वतः मनाशी धरलेल्या शंभर नावांत ते नव्हते.

"चार अक्षरी आहे," एवढेच ते म्हणाले. "मी तीनची जागा धरली होती."

"मग मावणार नाही?"

"मावेल की. सगळी ओळ सैल करायची. अक्षरासाठी ओळ असते, बाळ."

तिने पट्टी अलगद मेजावर ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि दाराकडे धावली. रस्ता ओलांडला की शिंप्याचे दुकान, वर दोन खोल्या, खिडकीत काजे करणाऱ्या मामी. उंबऱ्यावर ती थांबली. इतक्या महिन्यांत ती कुठेही जाताना काही बोलून गेली नव्हती. शाळेला निघताना ती नुसती निघे; मामींनीही तिच्याकडून काही म्हणवून घेतले नव्हते.

चौकटीला हात लावून तिने मागे पाहिले.

"मामा," ती म्हणाली, "आलेच."

पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि रस्त्याच्या आवाजात मिसळून गेल्या.

मामांनी फळीवरून तेविसावी ओळ उतरवली. दोरा सोडला. चिमट्याने तीन पालथे खिळे एकेक करून वर काढले. त्यांचे पाय वाळलेल्या शाईने काळे झाले होते. त्यांनी ते चिंधीला रॉकेल लावून पुसले आणि खिळे सुलटे केले. खाली तोंड करून राहिलेल्या त्या अक्षरांना एवढ्या दिवसांत शाईचा स्पर्श झाला नव्हता. त्यांच्या कडा ओतशाळेतून आल्या दिवसाइतक्या स्वच्छ होत्या.

पहिलवान जवळ येऊन उभा राहिला. त्याला काही विनोद सुचला नाही.

मामांनी पहिला खिळा त्याच्या घरात सोडला, मग दुसरा. तिसरा सोडायला ते जरा थांबले. दार उघडेच होते, आणि खालच्या पायरीवर चपलांचा आवाज येत होता. एक लहान, भरभर येणारा, आणि त्याच्या मागून एक मोठा.